‘उर्फ’ कुठे लावावे?

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या गणिताच्या सरांचा फोन आला. “अरे, खिडकी उघडते आणि उघडल्या उघडल्या मिटते. आत काहीच दिसत नाही.” खिडकी म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची. सरांनी २००६ साली, शाळेत असतानाच, घनभूमिती शिकवण्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक आणि विंशतिफलक या पाच सुसम घनाकृती त्यात होत्या. कुठलीही आकृती माउसने हवी तशी फिरवायची, हव्या त्या प्रतलाने कापायची आणि तो काप शेजारच्या चौकटीत पाहायचा. सर सी भाषा पन्नाशीनंतर शिकले. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि सुट्टीत गावी आलो की त्यांच्याबरोबर बसून चार ओळी लिहीत असे. आता त्यांची नात आठवीत गेली होती, घरात लिनक्सवर चालणारा नवा लॅपटॉप आला होता, आणि सरांना तिला तो प्रोग्राम दाखवायचा होता.

तो दुरुस्त करताना मी एका जुन्या प्रश्नापाशी येऊन पोहोचलो. साहित्याच्या वाचकांना तो परका नाही. एकाच कामासाठी दोन-तीन नावे प्रचारात असली, तर त्यांना एकच समजावे की वेगवेगळे? म्हणजे दोन नावांच्या मध्ये ‘उर्फ’ कधी लिहावे? संगणकावर चित्रे काढणाऱ्या एका ओपन सोर्स लायब्ररीत या प्रश्नाचा निकाल रोज लावावा लागतो, आणि तो चुकला तर कुठेतरी कुणाचा तरी पडदा काळा होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. पडद्यावर त्रिमितीय चित्र काढायचे काम संगणकातली ग्राफिक्सची चिप करते. प्रत्येक कंपनीची चिप वेगळी. प्रोग्राम लिहिणाऱ्याला दर चिपसाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागू नये, म्हणून सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीने १९९२ मध्ये ओपनजीएल हा करार जाहीर केला. करार म्हणण्याचे कारण असे की ओपनजीएल ही मुळात एक लिखित संहिता आहे. अमुक नावाने हाक मारली की तमुक घडले पाहिजे, एवढेच ती सांगते. ते कसे घडवायचे हे ज्याचे त्याने पाहावे. संहितेत बदल करण्याचा अधिकार अनेक कंपन्यांच्या एका मंडळाकडे होता. आर्किटेक्चर रिव्ह्यू बोर्ड, म्हणजेच एआरबी. २००६ मध्ये हा कारभार क्रोनोस या संस्थेकडे गेला.

मंडळाची चाल मंडळासारखीच संथ होती आणि चिपा मात्र भराभर सुधारत होत्या. त्यामुळे संहितेतच एक पळवाट ठेवलेली होती. एखाद्या कंपनीला नवे काही द्यायचे असेल, तर तिने त्याचे एक्स्टेंशन लिहावे, म्हणजे संहितेला जोडायचे एक परिशिष्ट. नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक नव्या नावाला प्रत्यय लावायचा. मराठीत प्रत्ययावरून विभक्ती कळते, तसे इथे प्रत्ययावरून घराणे कळते. एनव्ही म्हणजे एनव्हिडियाचे, एटीआय म्हणजे त्या नावाच्या कंपनीचे, एसजीआय म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्सचे. एकाहून अधिक कंपन्यांनी मिळून मान्य केले की ईएक्सटी. मंडळाने शिक्का मारला की एआरबी. मोबाइल आणि तत्सम लहान उपकरणांसाठीच्या शाखेचे ते ओईएस. आणि एखादी गोष्ट मूळ संहितेतच सामावली गेली, की प्रत्यय गळून नुसते नाव उरते.

प्रत्येक एक्स्टेंशनचा स्वतंत्र दस्तऐवज असतो. त्यात बहुधा ‘प्रश्न’ असा भाग असतो. असे का केले, तसे का नाही, कुठले मत मान्य झाले, हे तिथे प्रश्नोत्तरांच्या रूपात नोंदलेले असते. नियमांइतकीच त्यामागची भांडणेही जपून ठेवणारे लेखन मला फार आवडते.

आता गुंता कसा होतो ते पाहा. एकच कल्पना आधी एका कंपनीच्या नावाने येते, मग ईएक्सटी होऊन, मग एआरबी होऊन, आणि शेवटी बिनप्रत्ययाची. पण जुने नाव वापरून लिहिलेले प्रोग्राम तोवर जगभर पसरलेले असतात. त्यांना कुणी परत बोलावू शकत नाही. म्हणून चिपेचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला जुनी नावेही सांभाळावी लागतात आणि नवीही.

हे सांभाळण्याचे काम जवळून पाहायचे तर मेसा ही लायब्ररी उघडावी. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये ती एकट्याने लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये तिची पहिली आवृत्ती लोकांना खुली केली. ओपनजीएलची संहिता वाचून तिचे मुक्त रूप आपण लिहू शकतो, हा त्यामागचा विचार. लिनक्सच्या बहुतेक संगणकांत आज तीच असते. सरांच्या लॅपटॉपमध्येही तीच होती.

सरांची खिडकी का मिटत होती, ते फोनवर बोलता बोलताच माझ्या लक्षात आले, कारण ती चूक माझी होती. प्रोग्राम सुरू होताना लायब्ररीला विचारतो, ‘तुझ्याकडे कुठली एक्स्टेंशने आहेत?’ लायब्ररी सगळी नावे एका ओळीत, मध्ये एकेक जागा सोडून, सांगते. ती ओळ उतरवून घ्यायला मी २००६ साली ४०९६ अक्षरांची जागा राखली होती. तेव्हा ती ऐसपैस वाटली होती. इतक्या वर्षांत नावे वाढत गेली आणि ओळ माझ्या जागेत मावेना. उरलेली अक्षरे शेजारच्या स्मृतीवर सांडली आणि प्रोग्राम कोसळला.

ही चूक करणारा मी एकटा नव्हे. काही जुन्या खेळांनीही तीच केली होती. त्यांच्यासाठी मेसाने एक सोय करून ठेवली आहे. तिच्या यादीत प्रत्येक एक्स्टेंशनपुढे एक साल लिहिलेले असते आणि सांगितली जाणारी नावेही त्या सालाच्या क्रमाने लावलेली असतात. ‘मेसा एक्स्टेंशन मॅक्स इयर’ अशा अर्थाचे एक चल आहे. त्यात साल भरले, की त्या सालानंतरची नावे लायब्ररी सांगतच नाही. मी सरांना फोनवर एक ओळ टाइप करायला लावली आणि २००६ हा आकडा भरायला सांगितला. थोडा वेळ शांतता. मग पलीकडून नातीचा आवाज, “आजोबा, फिरतंय!”

प्रश्न तिथेच संपायला हवा होता. पण सरांनी मूळ मजकुराची सीडी पाठवली आणि मी तो नीटनेटका करायला बसलो. हे कुणी मला सांगितले नव्हते.

ओपनजीएलमध्ये २००९ पासून एक कडक शिस्त आहे. जुने, मोडीत काढलेले सगळे वगळून फक्त नवे वापरायचे. मी प्रोग्राम त्या शिस्तीत आणायचे ठरवले. आकृत्या काढण्याचा भाग नव्या पद्धतीने लिहिला. कापाची चौकट मात्र तशीच ठेवायची होती, कारण तिचे काम अजूनही तसेच होते. चित्र थेट पडद्यावर न काढता एका वेगळ्या, अदृश्य कागदावर काढायचे आणि मग तो कागद हवा तिथे चिकटवायचा. या कागदाला फ्रेमबफर म्हणतात. सरांनी तो २००५ च्या ईएक्सटी एक्स्टेंशनमधून घेतला होता. २००८ मध्ये त्याचेच एआरबी रूप आले आणि ओपनजीएल ३.० मध्ये सामावले गेले. फंक्शनांची नावे तीच, फक्त शेवटची तीन अक्षरे गळलेली. मी संपादकाची ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा दिली. ईएक्सटी शोध, पुसून टाक.

प्रोग्राम सुरू झाला. आकृत्या फिरल्या. कापाची चौकट काळीकुट्ट.

वाचकांना हे असे सांगता येईल. ‘पाणी’ आणि ‘जल’ समानार्थी आहेत हे खरे. पण एखाद्या हस्तलिखितात सर्वत्र ‘पाणी’ काढून ‘जल’ घातले, तर ‘त्याने आशेवर जल सोडले’ असे वाक्य तयार होईल. शब्दकोशात समान असलेले शब्द वापरात समान असतीलच असे नाही. फरक कुठे आहे ते शोधायला दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावे लागतात. मी तेच केले, आणि त्यानंतर मेसाच्या लेखकांनी त्यावर काय केले आहे तेही वाचले.

नावांच्या जोड्या मला तीन प्रकारच्या दिसल्या.

पहिला प्रकार निव्वळ उर्फचा. एकाच आकृतीवर अनेक चित्रे चिकटवताना कुठल्या थरावर काम चालू आहे हे सांगणारे एक फंक्शन आहे. ते आधी एआरबी प्रत्ययाने आले आणि २००१ मध्ये ओपनजीएल १.३ मध्ये बिनप्रत्ययाचे झाले. काम अक्षरशः तेच. मेसात फंक्शनांची एक लांबलचक सारणी आहे आणि प्रत्येक फंक्शनाला त्यात एक घर दिलेले आहे. जुन्या नावापुढे ‘हे अमक्याचे पर्यायी नाव’ एवढी नोंद केली की दोन्ही नावे एकाच घराकडे बोट दाखवतात. ही घरे माणूस हाताने लिहीत नाही. नोंदींवरून एक छोटा प्रोग्राम ती तयार करतो. क्रोनोसच्या अधिकृत नोंदवहीतही अशा पर्यायी नावांच्या नोंदी असतात.

दुसरा प्रकार दोन दरवाजे आणि एका खोलीचा. प्रोग्राममध्ये आपण नावे वाचतो, पण चिपेपर्यंत पोहोचतो तो आकडा. १६ बिटांच्या अर्ध्या लांबीच्या दशांश संख्येला ओपनजीएलमध्ये ५१३१ हा आकडा आहे. लहान उपकरणांच्या ओईएस एक्स्टेंशनमध्ये त्याच गोष्टीला ३६१९३. अर्थ एक, आकडे दोन. एका शाखेचा आकडा दुसरीकडे नेला तर तो अनोळखी ठरतो आणि चित्र येत नाही. इथे मेसाला आत दोन्ही आकडे शेजारी लिहून ‘दोन्हींचा अर्थ एकच’ असे सांगावे लागते, आणि कुठल्या शाखेत कुठला आकडा स्वीकारायचा हेही पाहावे लागते. उलट, ईएक्सटी आणि नंतरच्या फ्रेमबफरचा आकडा एकच आहे, ३६१६०. तिथे दोन नावे वेगळी लिहायला गेले तर कंपायलरच अडवतो, की ही तर एकच गोष्ट दोनदा आली. याहून पुढची पायरीही आहे. तुटक रेषांची मालिका एकाच हाकेत काढायची सोय एनव्हिडियाने आधी दिली आणि ओपनजीएल ३.१ ने नंतर. दोन्हींत आकडाही वेगळा आणि ती चालू करण्याची हाकही वेगळी. मेसात मात्र दोन्ही दरवाजांतून आत जाऊन हात त्याच एका बटणावर पडतो.

तिसरा प्रकार जुळ्या भावंडांचा. चेहरा एक, स्वभाव वेगळे. फ्रेमबफर त्यातला. एआरबीच्या दस्तऐवजात बदलांची यादीच दिली आहे. ईएक्सटीचा नियम असा होता, की एका फ्रेमबफरला जोडलेले सगळे थर एकाच लांबी-रुंदीचे हवेत. एआरबीने ही अट सैल केली. ईएक्सटीमध्ये फ्रेमबफरला ओळखण्याचा क्रमांक लेखक स्वतः ठरवू शकत असे. एआरबीने ही मुभा काढून घेतली. क्रमांक लायब्ररीकडूनच मागून घ्यायचा, मनाचा घालायचा नाही.

म्हणजे एक नियम सैल झाला आणि एक कडक. या दोहोंना मेसाने वेगवेगळी वागणूक दिली आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म तिथे आहे.

सैल झालेल्या नियमासाठी वेगळे काही केलेले नाही. चिप वेगवेगळ्या आकारांचे थर पेलू शकत असेल, तर जुन्या नावाने हाक मारणाऱ्यालाही मेसा ती सवलत देते. जुन्या दस्तऐवजाप्रमाणे खरे तर नकार द्यायला हवा. पण जुना प्रोग्राम जुना नियम पाळूनच लिहिलेला आहे. सवलत त्याला नकळत मिळते आणि त्याचे काही बिघडत नाही. कडक झालेल्या नियमाचे तसे नाही. तो जुन्या नावाला लावला, तर काल बरोबर असलेला प्रोग्राम आज चूक ठरतो. म्हणून तिथे दरवाजे वेगळे ठेवावे लागतात. ईएक्सटी फ्रेमबफरमध्ये १७ फंक्शने आहेत. त्यांतल्या १५ पुढे ‘पर्यायी नाव’ अशी नोंद आहे. उरलेली दोन, म्हणजे क्रमांक देऊन फ्रेमबफर किंवा त्याचा थर हाती घेणारी, स्वतंत्र घरांत आहेत. क्रमांकाचा प्रश्न त्या दोघांतच येतो. फरक नेमका जेवढा आहे तेवढाच वेगळा ठेवायचा, बाकी सगळे एक करायचे. ज्याने कुणी ही १७ नावे एकेक करून तपासली असतील, त्याने ‘शोधा आणि बदला’ नक्कीच वापरले नव्हते.

आता माझी काळी चौकट. मूळ मजकूर पुन्हा उघडला. सरांनी फ्रेमबफरचे क्रमांक लायब्ररीकडून मागितलेच नव्हते. स्वतः दिले होते. ४, ६, ८, १२ आणि २०. मी पूर्वी कधी त्यांच्याकडे नीट पाहिलेच नव्हते. चतुष्फलकाला ४, घनाला ६, विंशतिफलकाला २०. प्रत्येक आकृतीच्या कागदाला तिच्या पृष्ठांची संख्या. विद्यार्थ्याने एखाद्या दिवशी मजकूर उघडून पाहिला, तर त्याला कुठला कागद कुणाचा हे विचारावे लागू नये, अशी ती योजना होती. ईएक्सटीच्या नियमात हे पूर्णपणे बसत होते. मी तीन अक्षरे पुसली आणि त्यांना नकळत अशा दरवाजातून पाठवले, जिथे स्वतः दिलेले नाव चालत नाही. लायब्ररी दर वेळी ‘ही कृती अवैध’ असे उत्तर देत होती. ते उत्तर मी विचारून घेत नव्हतो, म्हणून मला फक्त काळा रंग दिसत होता.

त्या रात्री सरांना लिहायच्या निरोपाचा पहिला मसुदा असा होता, ‘तुमच्या जुन्या कोडमध्ये एक चूक सापडली.’ तो पाठवला नाही हे बरे झाले. चूक त्यांची नव्हती. ज्या दस्तऐवजावर विसंबून त्यांनी लिहिले, त्यात ते बरोबर होते आणि आजही, त्याच नावाने हाक मारली तर, बरोबर आहे. मेसाच्या लेखकांनी सरांचे नाव कधी ऐकलेले नाही. तरीही त्यांनी ती दोन घरे राखली होती. मी मात्र सरांना इतकी वर्षे ओळखतो आणि मीच ती मोडली.

प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या बाजूनेही या गुंत्यावर उपाय आहेत. लिबइपॉक्सी नावाची एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी मध्ये उभी राहते. आपण बिनप्रत्ययाचे नाव घ्यायचे. समोरच्या संगणकात ते नसून त्याचे जुने एआरबी रूप असेल आणि दोन्ही खरोखर एकच असतील, तर ती ते शोधून देते. जीटीके या खिडक्या-बटणांच्या प्रसिद्ध संचातही तिचा वापर होतो. एक्स्टेंशनांची यादी एका लांब ओळीत न मागता क्रमांकाने एकेक नाव मागायची सोय ओपनजीएल ३.० पासून आहे, तिने माझी ४०९६ अक्षरांची चूकही होणार नाही. या लांब ओळीत आणखी एक सापळा होता. ‘टेक्स्चर’ हे नाव आहे का म्हणून ओळीत नुसते शोधले, तर ‘टेक्स्चर थ्रीडी’ या वेगळ्याच एक्स्टेंशनाच्या पोटात ते सापडते आणि प्रोग्राम खूश होतो. ‘पाणउतारा’ शब्दात पाण्याचा उतारा सापडावा तसे. पूर्ण शब्द जुळतो का, हे पाहावेच लागते.

पण हे उपाय नव्याने लिहिणाऱ्यासाठी. जे लिहून झाले आहे आणि ज्याचा लेखक आता दुरुस्तीला बसणार नाही, त्याची जबाबदारी शेवटी लायब्ररीवरच येते. आपल्याकडे संहितेच्या चिकित्सक आवृत्तीत संपादक एक पाठ निवडतो आणि बाकीचे पाठभेद पानाच्या तळाशी देतो. मेसाला ती चैन नाही. तिचा प्रत्येक पाठभेद कुणीतरी आत्ता, या क्षणी मोठ्याने वाचत असतो. त्यामुळे तिला सगळे पाठ चालू ठेवावे लागतात आणि प्रत्येक पाठाशी त्याच्या नियमांनी वागावे लागते.

सरांच्या प्रोग्रामचे पुढे मी असे केले. नव्या आवृत्तीत क्रमांक लायब्ररीकडूनच घेतले. पण मध्ये पाच ओळींची एक सारणी ठेवली. डावीकडे सरांचे ४, ६, ८, १२, २० आणि उजवीकडे लायब्ररी देईल तो आकडा. बाकीच्या मजकुरात सरांचेच क्रमांक राहिले. जुनी आवृत्तीही पुसली नाही. लॅपटॉपवर दोन्ही आहेत, जुनीला अजून २००६ साल सांगूनच सुरू करावे लागते.

दिवाळीच्या आधी गावी गेलो तेव्हा सरांना हे सगळे सांगितले. ते ऐकून घेत होते, पण त्यांचे लक्ष पडद्याकडे होते. “क्रमांक ठेवलेस ना? मग झालं,” म्हणाले आणि नातीकडे वळले. घन पडद्यावर आणून त्याचा एक कोपरा वर केला, समोरचा कोपरा खाली. मग बरोबर मध्यातून आडवे प्रतल फिरवले. “सांग, आता काप कसा दिसेल?” “चौकोन,” ती म्हणाली. सरांनी कळ दाबली. सहा क्रमांकाच्या कागदावर सुसम षटकोन उमटला.